जुळी-तिळी असताना वजन किती आणि कधी वाढवायचं, व्यायाम कुठवर करायचा

काटेकोर (धागाकर्ती)

एका बाळाच्या गरोदरपणाचे वजनाचे तक्ते सगळीकडे सापडतात. जुळ्यांचा विषय निघाला की मात्र "दुप्पट खा" आणि "पडून राहा" या दोन सल्ल्यांवर गाडी थांबते. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

आधी आकडे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली जुळ्यांसाठी वेगळे पल्ले दिले. ते गरोदर राहण्याआधीच्या बीएमआयवर (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ठरतात.

बीएमआय १८.५ ते २४.९ : एकूण वाढ १७ ते २५ किलो
बीएमआय २५ ते २९.९ : १४ ते २३ किलो
बीएमआय ३० किंवा जास्त : ११ ते १९ किलो

एकच बाळ असेल तर पहिल्या गटाला ११.५ ते १६ किलो सांगतात. म्हणजे जुळ्यांची वाढ जास्त आहे, पण दुप्पट नाही.

बीएमआय काढताना वजन आधीचं घ्यायचं, आजचं नाही. उदाहरणार्थ ५२ किलो वजन आणि १.५८ मीटर उंची. १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५. ५२ भागिले २.५ म्हणजे २०.८. ही व्यक्ती १७ ते २५ किलोच्या गटात येते. आधीचं वजन माहीत नसेल तर पहिल्या तपासणीत नोंदवलेलं वजन धरा, पण त्याआधी उलट्यांनी दोन-तीन किलो गेले असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. नाहीतर सगळा हिशोब खालच्या पायरीवरून सुरू होतो.

या तक्त्यात दोन गोष्टी बारीक अक्षरात आहेत आणि त्या कुणी वाचत नाही. हे पल्ले तात्पुरते म्हणून दिलेले आहेत. आणि ते ३७ आठवडे पूर्ण करणाऱ्या गरोदरपणासाठी आहेत. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. त्यामुळे ३४व्या आठवड्यात "अजून १७ झाले नाहीत" म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

हळदुली

१८.५ च्या खाली असेल तर? तो गटच दिसत नाही.

काटेकोर

कारण त्या गटाचा आकडा देण्याइतकी माहिती समितीकडे नव्हती. मिशिगन विद्यापीठात बार्बरा ल्यूक यांनी जुळ्यांच्या आहारावर बराच अभ्यास केला. त्यांच्या तक्त्यात बारीक अंगाच्या स्त्रियांसाठी ३६ ते ३८ आठवड्यांपर्यंत २३ ते २८ किलो असा पल्ला आहे. आकडा पाहून दचकायला होतं, पण यातले काही किलो बाईची स्वतःची आधीची तूट भरून काढण्यात जातात. या गटाने तज्ज्ञ आहारतज्ज्ञाची भेट पहिल्या तीन महिन्यांतच घ्यावी. पाचव्या महिन्यात जाऊन फार काही हाती लागत नाही.

आकडेमोड

एकूण आकड्यापेक्षा आठवड्याचा वेग जास्त कामाचा. पहिल्या गटाचं गणित असं:

पहिले १३ आठवडे : २ ते ३ किलो
पुढचे २४ आठवडे : (१७ वजा २) भागिले २४ म्हणजे साधारण ०.६, आणि (२५ वजा ३) भागिले २४ म्हणजे ०.९

थोडक्यात आठवड्याला ६०० ते ९०० ग्रॅम. ३४ आठवड्यांना हाच पल्ला १५ ते २२ च्या आसपास येतो. ल्यूक यांच्या कामातून आलेला एक ठोकताळा बरेच जण वापरतात : २४ आठवड्यांपर्यंत ११ किलो. वरच्या सरासरी वेगानेही तिथेच पोचतो, त्यामुळे मधला टप्पा तपासायला तो बरा पडतो. फक्त तो पहिल्या गटालाच लावा. बीएमआय ३० च्या वर असेल तर २४ आठवड्यांना ६ ते ९ किलो पुरेसे असू शकतात.

वजन कसं बघायचं तेही लिहून टाकतो, कारण अर्धा गोंधळ काट्याचाच असतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीआधी, त्याच वजनाचे कपडे, तोच काटा, तो फरशीवर (गालिच्यावर नाही). रोज बघू नका. एका दिवसात पाणी, मीठ आणि पोट साफ होणं न होणं यांनी एक किलोपर्यंत काटा इकडेतिकडे होतो. दोन-तीन आठवड्यांचा कल बघा. दवाखान्यातला आकडा आणि घरचा आकडा एकाच रकान्यात लिहू नका.

दोन_नंबरी

तरी पण "बाळं ५ किलोची आणि वाढ २० किलोची, बाकीचे १५ कुठे गेले" हा प्रश्न प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच :)

आकडेमोड

विचारू देत, उत्तर तयार ठेवा. ३६-३७ आठवड्यांचा ठोकळ हिशोब : दोन बाळं मिळून ५, वार (प्लॅसेंटा) एक किंवा दोन मिळून १ च्या थोडं वर, गर्भजल दीड ते दोन, गर्भाशय १ ते दीड, वाढलेलं रक्त २, स्तन अर्धा ते १, अंगातलं जादा पाणी २ ते ३. हे झाले १४ च्या आसपास. उरलेले ५-६ किलो चरबीचे. तो साठा शेवटच्या आठवड्यांत आणि दूध पाजताना वापरला जातो. "सगळं अंगावर चढलं" म्हणण्याइतका तो नाही.

काटेकोर

आता माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जुळ्यांत कधी वाढलं याला किती वाढलं इतकंच वजन आहे (कोटी नकळत झाली, राहू दे).

एका बाळाच्या वेळी सुरुवातीला वाढ कमी झाली तर नंतर भरून काढायला ४० आठवड्यांपर्यंत मुदत असते. जुळ्यांत मुदत ३५-३७ आठवड्यांची. शिवाय २८ ते ३० आठवड्यांनंतर दोन अडचणी एकदम येतात. पोटात जागा उरत नाही, चार घासांत पोट भरतं आणि जळजळ होते. आणि त्या टप्प्यावर काट्यावर दिसणाऱ्या वाढीत पाण्याचा वाटा मोठा असतो. आठव्या महिन्यात ठासून खाऊन पाचव्या महिन्यातली कमतरता भरत नाही. पहिल्या २० ते २८ आठवड्यांतली वाढ आणि बाळांचं जन्मवजन यांचा संबंध अभ्यासांत जास्त ठळक दिसतो. कारण तेव्हा वारेची वाढ होत असते आणि आईचा साठा तयार होत असतो.

म्हणून लक्ष द्यायची खिडकी १३ ते २८ आठवडे. मळमळ बहुतेक ओसरलेली असते आणि पोट अजून फार वर आलेलं नसतं. हे १५ आठवडे "बघू पुढच्या तपासणीला" म्हणत घालवू नयेत.

हळदुली

पण १३ पर्यंतच उलट्यांनी हैराण असेल तर? जुळ्यांत त्या जास्तच असतात ना?

काटेकोर

हो. एचसीजी हे संप्रेरक जुळ्यांत जास्त असतं आणि मळमळीचा त्याच्याशी संबंध आहे. पहिल्या तीन महिन्यांत वजन जागच्या जागी राहिलं किंवा किलोभर उतरलं तर तो अपयशाचा पुरावा नाही. काय करायचं :

उठायच्या आधी अंथरुणातच काहीतरी कोरडं खा, टोस्ट किंवा बिस्किट, आणि १५ मिनिटं थांबा. दर दोन तासांनी थोडं खा. पोट पूर्ण रिकामं झालं की मळमळ वाढते, हे उलटं वाटतं पण खरं आहे. जेवताना पाणी पिऊ नका, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट प्या. गरम पदार्थांचा वास जास्त येतो, थंड खाणं सोसतं. आयर्नच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर ती रात्री झोपताना घेता येते का, किंवा काही आठवडे पुढे ढकलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. फॉलिक ॲसिड मात्र सोडू नका.

आधीच्या वजनाच्या ५ टक्के वजन उतरलं (५२ किलोच्या व्यक्तीचे २.६ किलो), लघवी गडद आणि कमी झाली, किंवा दिवसभरात पाणीसुद्धा टिकत नसेल तर घरगुती उपाय थांबवा. दवाखाना गाठा. यावर सुरक्षित औषधं आहेत आणि ती न घेता सहन करण्यात काही शौर्य नाही.

पिंपळपान

आहारातल्या कॅलरीचा आकडा कोणी देईल का? ३०० जास्त, ६०० जास्त, ३५०० एकूण, सगळं वाचायला मिळतं.

आकडेमोड

तिन्ही आकडे वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, म्हणून गोंधळ. दर बाळामागे ३०० हा जुना ठोकताळा, म्हणजे जुळ्यांना रोज ६०० जादा. ३००० ते ३५०० हा ल्यूक यांच्या पद्धतीतला नेहमीच्या वजनाच्या स्त्रीचा दिवसभराचा एकूण आकडा. त्यात २० टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ४० टक्के कर्बोदकांतून आणि ४० टक्के स्निग्धांतून धरलेली आहे.

सुरुवात ६०० जादापासून करा आणि काट्याला विचारा. दोन आठवडे आठवड्याचा वेग ६०० ग्रॅमच्या खाली राहिला तर आणखी २०० वाढवा. त्याच्या वर असेल तर आणखी वाढवू नका. कॅलरी मोजायला बसण्यापेक्षा हे सोपं आहे.

६०० म्हणजे काय ते बघा. पाव लिटर साय न काढलेलं दूध (१५०), मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (१७०), एक उकडलेलं अंडं (७५), एक केळं (१०५), जेवणावर एक मोठा चमचा तेल किंवा तूप (१२०). बेरीज ६२०. एवढंच. दुप्पट ताट नाही.

काटेकोर

आणि इथेच फसगत होते. या यादीत कॅलरी पूर्ण झाल्या, पण प्रथिनं मोजा : दूध ८, शेंगदाणे साडेसात, अंडं ६, केळं १. जेमतेम २२-२३ ग्रॅम. जुळ्यांत दुसऱ्या तिमाहीपासून प्रथिनं रोज ५० ग्रॅम जादा घ्यावीत असा सल्ला आहे. म्हणजे ५२ किलोच्या स्त्रीला नेहमीचे ४२ अधिक ५०, साधारण ९२ ग्रॅम. म्हणून केळं आणि तेलाची जागा कमी करून त्यात आणखी एक अंडं (६), वाटीभर म्हणजे २०० ग्रॅम दही (७) आणि दीडशे ग्रॅम शिजलेली डाळ किंवा कडधान्य (१३) असं बसवावं लागतं.

आकडेमोड

ल्यूक यांच्या २० टक्क्यांनी गेलात तर ३००० कॅलरीत १५० ग्रॅम होतात, हे नोंदवून ठेवतो. ९२ आणि १५० यांत बरंच अंतर आहे.

काटेकोर

आहे, आणि मी ९०-११० च्या बाजूची आहे. १५० ग्रॅम रोज खाणं मांसाहार करणाऱ्यांनाही जड जातं. शाकाहारी व्यक्ती तो आकडा गाठायच्या नादात प्रथिनांच्या पावडरीचे डबे रिकामे करते आणि जेवण मागे पडतं. पावडर घ्यायचीच असेल तर त्यात वनस्पतींचे अर्क, कॅफीन आणि व्हिटॅमिन ए किती आहे ते लेबलवर वाचा. रेटिनॉलच्या रूपातलं व्हिटॅमिन ए गरोदरपणात जास्त झालं तर बाळांना घातक असतं. याच कारणाने प्राण्यांचं यकृतही टाळतात.

मासे चालतात, आठवड्यात दोन वेळा. शार्क, स्वोर्डफिशसारखे मोठे शिकारी मासे नकोत, त्यांत पारा साठतो.

खाण्याच्या वेळांबद्दल : तीन मोठी जेवणं जुळ्यांत चालत नाहीत. सहा छोटी, दर अडीच-तीन तासांनी, आणि झोपायच्या आधी प्रथिनं व कर्बोदकं एकत्र असलेलं काहीतरी (दूध आणि टोस्ट, दही आणि फळ). दोन बाळांमुळे रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर लवकर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन वाढतात. रात्री ८ ला जेवून सकाळी ९ ला न्याहारी ही १३ तासांची फट बुजवा.

शंखपुष्पी

आयर्न आणि कॅल्शियमचं काय? दोन्ही एकत्र घेतल्या जातात असं फार दिसतं.

काटेकोर

ती नेहमीची चूक. कॅल्शियम आयर्नला अडवतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. आयर्न लिंबू-संत्र्यासारख्या आंबट फळाबरोबर, आणि चहा-कॉफी गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको. कॅल्शियमची मोठी मात्रा एकदम शोषली जात नाही, ५००-५०० मिलिग्रॅम अशी विभागून घ्या.

जुळ्यांत रक्ताचं एकूण प्रमाण एका बाळाच्या वेळेपेक्षाही सुमारे अर्ध्या लिटरने जास्त वाढतं, तांबड्या पेशी त्या मानाने मागे राहतात. म्हणून हिमोग्लोबिन लवकर उतरतं. २० ते २४ आठवड्यांत एक जादा रक्ततपासणी करून घ्या, २८ ची वाट बघू नका. पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ च्या खाली, मधल्या तिमाहीत १०.५ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. जुळ्यांसाठी दुसऱ्या तिमाहीपासून रोज ६० मिलिग्रॅम आयर्नची शिफारस बऱ्याच ठिकाणी दिसते, पण मात्रा तुमच्या रिपोर्टवरूनच ठरू द्या. मनाने दोन गोळ्या केल्या तर आधी बद्धकोष्ठ येतो आणि मग सगळंच खाणं कमी होतं.

पिंपळपान

आधीच वजन जास्त असेल तर वाढ रोखून धरणं बरं ना? बीएमआय ३० च्या वर आहे, मग "आहे त्यावरच भागेल" असा सल्ला दिला जातो.

काटेकोर

नाही. तक्त्यात तिसऱ्या गटालाही ११ ते १९ किलो आहेत, शून्य नाही. बाळं, वार, गर्भजल आणि रक्त मिळून नऊ-दहा किलो होतातच. काटा हलला नाही याचा अर्थ ते किलो आईच्या अंगातून वजा होताहेत. या गटात कमी करायच्या त्या साखरेच्या आणि तळलेल्या कॅलरी, प्रथिनं तितकीच ठेवायची. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत सगळ्यांचीच होते. या गटात पहिल्या भेटीतच करून घेतलेली बरी.

शंखपुष्पी

याच्या उलट, एका आठवड्यात दोन-अडीच किलो वाढले तर? खाणं तेच आहे असं गृहीत धरून.

काटेकोर

मग ते अन्न नाही, पाणी आहे. आणि इथे वाट बघायची नाही. दोन शक्यता तपासायच्या असतात.

एक, बीपीचा आजार म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. जुळ्यांत त्याचा धोका दुप्पट ते तिप्पट. सकाळी उठल्यावर चेहरा आणि बोटं सुजलेली, अंगठी निघत नाही, डोकं सतत दुखतं, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं. यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी बीपी आणि लघवीतली प्रथिनं तपासा. संध्याकाळी फक्त पावलं सुजणं ही वेगळी, नेहमीची गोष्ट. जुळ्यांत हा धोका कमी करायला कमी मात्रेचं ॲस्पिरिन १२ आठवड्यांनंतर, शक्यतो १६ च्या आत सुरू करतात. कुणी सुचवलं नसेल तर तुम्ही विचारा.

दोन, दोन्ही बाळांची वार एकच असेल तर एका बाळाकडचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाण्याचा आजार होऊ शकतो. त्यात एका पिशवीत पाणी भराभर वाढतं. पोट दोन-चार दिवसांत दिसण्याइतकं वाढतं, कडक लागतं, धाप लागते. एकच वार असलेल्या जुळ्यांची सोनोग्राफी १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी करतात ती यासाठीच. वार एक आहे की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सगळ्यात स्पष्ट कळतं. तो रिपोर्ट जपून ठेवा.

दोन_नंबरी

व्यायामाकडे वळायचं का आता? शीर्षकात आहे म्हणून आठवण.

पायरी_पायरीने

वळू या. जुळी आहेत म्हणजे पडून राहायचं, हे आधी खोडतो. नुसतं जुळी आहेत एवढ्या कारणासाठी सांगितलेल्या बेड रेस्टने वेळेआधीचं बाळंतपण टळतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि अमेरिकेची स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना तो सरसकट देऊ नये असं सांगते. तोटे मात्र पक्के आहेत : पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका (जुळ्यांत तो आधीच वाढलेला असतो), मांडीचे स्नायू आणि हाडं कमजोर होणं, बद्धकोष्ठ, भूक मरणं. भूक मेली की वजन वाढत नाही. वरच्या सगळ्या चर्चेचा पायाच निघून जातो.

पण व्यायामाचा हेतूही नीट समजून घ्या. तो कॅलरी जाळायला नाही. पाठ, नितंब आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुहेरी भार पेलू शकावेत, साखर ताब्यात राहावी, झोप लागावी, यासाठी आहे. घाम किती आला, हे इथे मोजायचंच नाही.

कुणी अजिबात करू नये : तिळी किंवा त्याहून जास्त बाळं, गर्भाशयाचं तोंड आखूड किंवा सैल झालेलं (टाका घातलेला असेल तरीही), वार २८ आठवड्यांनंतरही खाली असणं, न थांबणारा रक्तस्राव, पाणी जाणं, मुदतीआधीच्या कळा, प्रीएक्लॅम्प्सिया, बाळाची वाढ खुंटणं. कॅनडाच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ही यादी आहे. त्याच मार्गदर्शनात २८ आठवड्यांनंतरची जुळी हा "डॉक्टरांशी बोलून ठरवा" या गटात आहे. म्हणजे २८ पर्यंत गुंतागुंत नसेल तर मोकळीक, त्यानंतर दर भेटीला नव्याने विचारायचं. आणि मनाई असलेल्यांनाही घरातलं नेहमीचं हिंडणं-फिरणं सहसा चालतं. व्यायाम बंद म्हणजे पलंगाला खिळणं नाही.

पायरी_पायरीने

आठवड्यांप्रमाणे आराखडा. परवानगी आहे असं धरून.

२० आठवड्यांपर्यंत : चालणं ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा की बोलता येतं पण गाता येत नाही. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, खाली दिलाय तो.

२० ते २८ : तेच चालणं, पण १०-१५ मिनिटांचे दोन किंवा तीन तुकडे. जेवणानंतर लगेच चाललात तर साखरेलाही उपयोग. उताणं झोपून काहीही करू नका. गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या शिरेवर येतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, चक्कर येते. एका बाळात हे २० आठवड्यांनंतर सांभाळतात, जुळ्यांत गर्भाशय त्याआधीच तेवढं मोठं होतं. म्हणून १६-१८ पासूनच कुशीवर या.

२८ नंतर : १० मिनिटं चालणं, दिवसातून दोन-तीनदा, सपाट जमिनीवर. ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम, श्वासाचा व्यायाम, घोट्यांची वर्तुळं. एवढंच पुरे.

स्नायूंचा संच :
१) भिंतीवर हात टेकून दंड, १० वेळा. पावलं भिंतीपासून हातभर.
२) खुर्चीवरून उठणं-बसणं, ८ ते १० वेळा. खुर्ची भिंतीला टेकवलेली, गुडघे पावलांच्या रेषेत.
३) बसून रबरी पट्टा मागे ओढणं, १० ते १२ वेळा. छाती जड झाल्याने खांदे पुढे येतात, त्यावर हा उतारा.
४) हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर गोल करणं आणि पुन्हा सपाट करणं, ८ वेळा. कंबर खाली झोकू द्यायची नाही.
५) कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं, दर बाजूला १०.

उठताना, ढकलताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला की दाब थेट खाली जातो.

ओटीपोटाच्या तळासाठी : लघवी आणि वायू दोन्ही रोखल्यासारखं आत-वर खेचा, ५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सोडा. ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. सरावाने १० सेकंदांपर्यंत न्या. मांड्या आवळल्या किंवा पोट फुगलं तर चुकतंय. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. आणि "सोडणं" निम्मा व्यायाम आहे, ते विसरलं जातं.

हळदुली

पोहणं? आणि योगासनं?

पायरी_पायरीने

पाण्यातला व्यायाम जुळ्यांत माझ्या मते सगळ्यात सोयीचा. पाणी भार उचलतं, आणि पाण्याच्या दाबाने पायांची सूज उतरते. छातीपर्यंत पाण्यात २० मिनिटं चालणं पुरे. पाणी गरम नको. ओटीपोटाच्या सांध्यात दुखत असेल तर पाय फाकवून मारायची पोहण्याची पद्धत टाळा.

आसनांत पिळे, पोटावर झोपायची, उताणी आणि तोल सांभाळायची आसनं वगळा. तापवलेल्या खोलीतला योग बाद. ताणताना शेवटच्या टोकापर्यंत जाऊ नका. संप्रेरकांमुळे सांधे सैल असतात, त्यामुळे आज छान ताणलं गेलं असं वाटतं आणि उद्या दुखतं.

शंखपुष्पी

व्यायाम करताना पोट दगडासारखं घट्ट होतं, ते कधी चालतं आणि कधी नाही?

पायरी_पायरीने

थांबा. लघवी करून या, दोन पेले पाणी प्या, डाव्या कुशीवर झोपा आणि घड्याळ लावा. पाणी कमी पडलं किंवा मूत्राशय भरलेलं असलं तरी पोट घट्ट होतं, ते अशाने निवळतं. तासाभरात सहा किंवा जास्त वेळा घट्ट झालं, किंवा दुखत असेल, कंबरेतून कळ येत असेल, तर दवाखान्यात फोन करा. ३७ च्या आत "खोट्या कळा असतील" हा निष्कर्ष घरी काढायचा नाही. जुळ्यांत तो निष्कर्ष फार वेळा चुकतो.

तासभर वाट न बघता जायचं ते : पाणी किंवा रक्त जाणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, बाळांची हालचाल कमी होणं.

पिंपळपान

तिळ्यांसाठी वजनाचा तक्ता आहे का?

काटेकोर

इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा नाही. तिळी सरासरी ३२-३३ आठवड्यांच्या आसपास जन्मतात, त्यामुळे वर म्हटलेली खिडकी आणखी आक्रसते. लवकर आणि भरपूर वाढ, २४ आठवड्यांच्या आत जास्तीत जास्त, हेच तत्त्व. आकडा तुमच्या डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञाकडून. व्यायामाचं वर आलंच आहे : नाही. श्वास, घोटे आणि घरातली हालचाल, तीसुद्धा विचारून.

दोन_नंबरी

एक बारकी शंका. ३० आठवड्यांनंतर पलंगावरून उठतानाच जांघेत कळ येते, तिथे कसला व्यायाम?

पायरी_पायरीने

बारकी नाही, हीच तक्रार जास्तीत जास्त बायका करतात. ओटीपोटाच्या पुढच्या सांध्यावरचा भार आहे तो. उठताना सरळ पुढे उठायचंच नाही, त्याने पोटाचे स्नायूही मधून फाकतात. दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा, खांदे आणि गुडघे एकदम वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांनी ढकलून बसा. कूस बदलतानाही गुडघे चिकटलेलेच. झोपताना दोन गुडघ्यांत घोट्यापर्यंत पोचेल अशी लांब उशी ठेवा. नुसती गुडघ्यांतली छोटी उशी घोटा खाली लोंबकळत ठेवते आणि सांधा पिळला जातो. एका पायावर उभं राहून कपडे घालू नका, बसून घाला. जिना चढताना एक पायरी, दोन्ही पाय, मग पुढची. आणि पोटाला खालून आधार देणारा पट्टा उभं राहण्याच्या वेळेपुरता, दोन-तीन तास, मग काढून ठेवायचा.

दोन_नंबरी

उशीचं माहीत नव्हतं. छोटी उशी आजच बाद.